दगडावरील पपडीची मशागत

पावसाळा सरतांना कोंकणांतल्या पोफळीच्या बागेंतून जो कोणी हिंडला असेल, त्याच्या दृष्टीस झाडांच्या खोडांवरचे पांढरट, राखी आणि हिरवट चट्टे पडल्यावांचून राहिले नसतील. नवखा मनुष्य त्यांना झाडाचा रोग समजतो. बागाईतदार त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. गडांच्या तटांवर, देवळांसमोरच्या दीपमाळांवर, सह्याद्रीच्या उघड्या कातळांवर असेच चट्टे असतात, आणि त्यांतले बहुतेक सजीव असतात. शास्त्रज्ञ त्यांना शैवाक म्हणतात. शहरांतल्या गृहिणीला शैवाकाची एक जात चांगलीच परिचित आहे. गोड्या मसाल्यांत पडणारें दगडफूल तें हेंच. परंतु दगडफूल हें पानासारखें शैवाक आहे. तें हातानें सोडवून घेतां येतें. खोडावरचा किंवा कातळावरचा चट्टा तसा निघत नाहीं. त्याला खालची साल नसते. त्याचे तंतू दगडाच्या कणांत किंवा झाडाच्या सालींत शिरलेले असतात, आणि तो काढावयाचा तर दगडाची कपची अथवा सालीचा तुकडा बरोबर काढावा लागतो. या पपडीच्या शैवाकाला बीं नाहीं, मूळ नाहीं, कलम नाहीं. तें माणसाच्या हातून वाढेल काय, हा प्रश्न प्रथम ऐकणारास रिकामपणाचा वाटेल. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत याच प्रश्नाच्या उत्तरावर कित्येक विद्वानांच्या जन्माची कमाई पणास लागली होती.

त्यापूर्वीं या पपडीची गरज माणसाला पडलीच नव्हती असें नाहीं. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील लोक खडकांवरची 'ओक्रोलेकिआ टार्टारिआ' नांवाची पांढुरकी पपडी लोखंडी पट्टीनें खरवडून काढीत, ती शिळ्या मुतांत भिजवून ठेवीत, आणि तींतून लोकर रंगविण्याचा जांभळट तांबडा रंग तयार करीत. कथबर्ट गॉर्डन यानें १७५८ सालीं या रंगाचें पेटंट घेतलें. त्याच्याच नांवाचा अपभ्रंश होऊन रंगाला 'कडबेअर' हें नांव पडलें. पुढें १७७७ सालीं जॉर्ज मॅकिंटॉश यानें ग्लासगो येथें त्याचा कारखाना काढला. पावसाळी कोटामुळें ज्याचें नांव सर्वतोमुखीं झालें, त्या चार्ल्स मॅकिंटॉशचा हा बाप. कारखान्याची भूक मोठी होती. स्कॉटलंडचे खडक पुरेनात, तेव्हां स्कँडिनेव्हियांतून माल आणावा लागला. निळीची शेती होती, मंजिष्ठाची होती. परंतु या पपडीची शेती करावी असें कोणाच्या मनांत आलें नाहीं, आणि आलें असतें तरी काय पेरावें हें कोणालाच सांगतां आलें नसतें. खरवडलेला खडक वर्षानुवर्षें उघडा राही. १८५६ सालीं पर्किननें कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढल्यानंतर या धंद्याची कळाच हळूहळू गेली आणि पपडीची गरजही सरली.

काय पेरावें हें न कळण्याचें कारण असें कीं, ही वस्तु मुळांत काय आहे याचाच उलगडा झालेला नव्हता. लिनिअसनें शैवाकांना शैवलांच्या गटांत एका कोपऱ्यांत बसविलें होतें, आणि त्यांची गणना तो वनस्पतींतल्या दरिद्री कुणब्यांत करी. त्याचा शिष्य अकॅरिअस यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांचें स्वतंत्र शास्त्र उभें केलें. सूक्ष्मदर्शक सुधारत गेला तसें दिसूं लागलें कीं, पपडीचा पातळ काप घेतला तर तींत दोन गोष्टी असतात: एक, बिनरंगी तंतूंचें विणकाम, आणि दुसरी, त्या विणकामांत अडकलेले हिरवे गोलक. १८२५ सालीं वाल्रोट या जर्मन शास्त्रज्ञानें या गोलकांना 'गोनिडिआ' असें नांव दिलें. ते गोलक तंतूंच्याच टोकांस फुटतात, म्हणजे झाडाला जशीं पानें तसे तंतूंना गोलक, अशी सर्वांची समजूत होती. गोलक फुटतांना प्रत्यक्ष पाहिल्याचा निर्वाळा देणारेही निघाले. मनुष्याला जें पाहावयाचें असतें तें सूक्ष्मदर्शकांतूनही दिसतें, याचीं उदाहरणें शास्त्राच्या इतिहासांत थोडीं नाहींत.

१८६७ च्या सप्टेंबरांत स्वित्झर्लंडमधील ऱ्हाइनफेल्डेन येथें तेथल्या निसर्गशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तींत सिमोन श्वेन्डेनर या शेतकऱ्याच्या कुळांत जन्मलेल्या अध्यापकानें आपलें मत मांडलें. शैवाक ही एक वनस्पति नव्हेच, असें त्याचें म्हणणें पडलें. विणकाम हें कवकाचें, म्हणजे बुरशीच्या जातीचें. गोलक हे शैवलाचे, म्हणजे पाणवठ्यावरच्या हिरव्या शेवाळाच्या जातीचे. कवक हा धनी आणि शैवलें हीं त्यानें कोंडून ठेवलेले गुलाम, असें वर्णन तो करूं लागला. दोन वर्षांनीं एका ग्रंथांत त्यानें निरनिराळ्या शैवाकांतले गोलक घेऊन ते कोणकोणत्या स्वतंत्र शैवलांशीं जुळतात हें आकृत्यांसह दाखविलें.

या मतानें केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना आज येणें कठीण आहे. पॅरिसमध्यें विल्यम नायलांडर हा फिनलंडचा विद्वान त्या वेळीं या शास्त्राचा अनभिषिक्त राजा होता. हजारों जातींना त्यानें नांवें दिलीं होतीं. शहराच्या धुरांत शैवाकें मरतात आणि लक्झेंबुर्गच्या बागेंत मात्र तीं टिकून आहेत, म्हणून त्यांच्यावरून हवेची शुद्धता ओळखावी, ही सूक्ष्म गोष्ट १८६६ सालीं त्यानेंच सांगितली होती. श्वेन्डेनर खरा ठरला तर नायलांडरनें नांवें दिलेल्या हजारों जाती म्हणजे जाती नव्हेत, तर धनी आणि गुलाम यांचीं हजारों बिऱ्हाडें ठरत होतीं. त्याचा इंग्लंडमधला पाठीराखा, धर्मोपदेशक जेम्स क्रॉम्बी, यानें १८७४ सालीं या मताची टवाळी केली. बंदिवान कन्या आणि जुलमी धनी यांची ही कथा कादंबरींत शोभावी, शास्त्रांत नव्हे, असा त्याचा सूर होता. यांत नुसता हट्टच पाहणें अन्यायाचें होईल. नायलांडरच्या पक्षाचा एक प्रश्न बिनतोड होता: बांडगुळ ज्या झाडावर बसतें त्याला शोषून मारतें, मग हीं शैवलें कवकाच्या कैदेंत शतकानुशतकें टवटवीत कशीं राहतात? श्वेन्डेनरच्या धनी-गुलामाच्या उपमेंत याचें उत्तर नव्हतें.

आणि पुरावा तरी काय होता? दोन वस्तू एकमेकींसारख्या दिसतात म्हणून त्या एकच, असें सिद्ध होत नाहीं. ज्या वर्षीं श्वेन्डेनर बोलला त्याच वर्षीं फामिन्त्सिन आणि बारानेत्स्की या दोघां रशियन शास्त्रज्ञांनीं शैवाकाचे काप पाण्यांत कुजवून त्यांतले हिरवे गोलक मोकळे केले होते. ते गोलक स्वतंत्रपणें जगले, वाढले, त्यांची पुढची पिढीही निपजली. म्हणजे पुराव्याचा अर्धा भाग त्यांच्या हातांत होता. पण त्यांनीं निष्कर्ष उलटा काढला! ज्यांना आपण स्वतंत्र शैवलें म्हणतों तीं शैवाकांतून सुटलेलीं पोरकीं गोलकेंच होत, असें त्यांनीं ठरविलें. वस्तु मोडून पाहिली तर तिचा अर्थ दोन्हीं बाजूंनीं लावतां येतो. वाद मिटावयाचा तर एकीकडून कवकाचें बीजुक, दुसरीकडून शैवल, असें दोन ठिकाणांहून आणून त्यांची पपडी उगवून दाखविणें हा एकच मार्ग उरला होता. पपडीची मशागत सुरू झाली ती अशी.

आरंभींचे प्रयत्न अर्धवट राहिले. माक्स रेस यानें १८७१ सालीं एका बुळबुळीत शैवाकाचीं बीजुकें 'नोस्टोक' शैवलाच्या गोळ्यांवर पेरलीं. अंकुर गोळ्यांत शिरले, विणकाम सुरू झालें, पण पूर्ण शैवाक कांहीं बनलें नाहीं. १८७३ सालीं पॅरिसमध्यें बॉर्ने यानें आणि हॉलंडमध्यें ट्रॉइब यानें बीजुकांचे अंकुर हिरव्या गोलकांना कवटाळतांना पाहिले. (हाच ट्रॉइब पुढें जावांत गेला, आणि क्राकाटोआचा डोंगर १८८३ सालीं फुटून ओसाड झाल्यावर त्याच्या राखेवर प्रथम कोण उगवतें हें पाहावयास १८८६ सालीं तेथें जाऊन पोंचला.) परंतु प्रत्येकाच्या कांचेवर थोड्याच दिवसांत हवेंतली साधी बुरशी उतरे आणि सारी लागवड गिळून टाकी. शैवाकाची वाढ महिन्यांच्या हिशेबानें, बुरशीची तासांच्या. या शर्यतींत शैवाक जिंकावें कसें?

ही अडचण जिनें सोडविली ती युक्ति मनुष्याची नसून एका शैवाकाचीच होती. आन्तोन द बारी या थोर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचा एर्न्स्ट श्टाल नांवाचा आल्सेसकडचा एक तरुण शिष्य होता. त्यानें 'एंडोकार्पॉन पुसिलम' नांवाचें, मातीला बारीक खवल्यांनीं घट्ट चिकटून वाढणारें शैवाक निवडलें. निवड फार विचाराची होती. बहुतेक शैवाकांचीं बीजुकें एकटींच बाहेर पडतात. त्यांना आपला हिरवा जोडीदार जगांत शोधावा लागतो, आणि तो न भेटल्यास तीं मरतात. एंडोकार्पॉनच्या फळांत मात्र बीजुकांच्या शेजारींच बारीक हिरवे गोलक वाढतात. फळ भिजलें कीं बीजुक उडतें, आणि उडतांना कित्येक गोलक अंगाला चिकटवून घेऊन जातें. माहेराहून निघालेल्या मुलीनें शिदोरी बरोबर घ्यावी तसें.

श्टालनें हीं शिदोरीसह उडालेलीं बीजुकें कांचेवर झेललीं आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ओलाव्यांत ठेवलीं. बीजुकांना अंकुर फुटले. कांहीं अंकुर जवळच्या गोलकांना वेढूं लागले. कांहीं खालीं मुळासारखे उतरले. ज्या गोलकांना तंतूंचा वेढा पडला ते मेले नाहींत, उलट ते पुष्ट व अधिक हिरवे झाले. ही गोष्ट लहान दिसते, पण नायलांडरच्या बिनतोड प्रश्नाचें उत्तर तींत होतें. मग त्यानें हीं रोपें मातीवर हलविलीं. कांहीं महिन्यांनीं त्या मातीवर एंडोकार्पॉनचे खवले तयार झाले, त्यांना फळें धरलीं, आणि फळांतून पुन्हां बीजुकें उडालीं. बीजुकापासून बीजुकापर्यंतचें शैवाकाचें सबंध आयुष्य माणसाच्या नजरेखालीं प्रथमच पुरें झालें होतें. १८७७ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें.

येथें एक शंका उरत होती. शिदोरीचे गोलक एंडोकार्पॉनच्याच फळांतले. मग ते त्याचेच अवयव नव्हेत कशावरून? श्टालनें यावर केलेला प्रयोग या सबंध इतिहासांत सर्वांत सुंदर म्हणावा लागेल. त्याच शैवाकाच्या शेजारीं त्याच मातीवर 'थेलिडिअम मिनुट्युलम' नांवाचें एक दुसरें शैवाक वाढतें. तें अगदीं पातळ पपडीचें, आणि त्याच्या फळांत गोलक नसतात. श्टालनें थेलिडिअमचीं बीजुकें घेतलीं, त्यांना एंडोकार्पॉनच्या फळांतले गोलक दिले, आणि त्यांतून थेलिडिअमची पपडी फळांसकट वाढविली. गोलक तेच, पण एका कवकानें त्यांच्यासह खवले घडविले आणि दुसऱ्यानें पपडी. आकार कवकाचा आणि अन्न शैवलाचें, हें यानंतर निराळें सिद्ध करावयास नको होतें.

योगायोग असा कीं, याच १८७७ सालीं अल्बर्ट बर्नहार्ट फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञानें झाडांच्या सालींवरच्या पपड्यांवर एक निबंध लिहिला. त्यानें पाहिलें कीं, कांहीं पपड्यांत कवक प्रथम सालीच्या आंत एकटेंच राहतें, आणि 'ट्रेंटेपोलिआ' नांवाचें शैवल मागाहून स्वतःच वाट काढून त्याच्याकडे येतें. कोंकणांतल्या ओलसर भिंतींवर आणि खोडांवर जी नारिंगी मखमल पावसाळ्यांत चढते, ती याच कुळांतली. जो आपल्या पायांनीं चालत येतो त्याला गुलाम कसें म्हणावें? म्हणून धनी कोण आणि चाकर कोण हें न ठरवितां, दोघे एकत्र राहतात एवढेंच सांगणारा एक नवा शब्द फ्रांकनें घडविला. पुढल्याच वर्षीं द बारीनें कासेल येथील व्याख्यानांत त्याच अर्थाचा शब्द सर्व सजीवसृष्टीला लागू केला. आज शाळेंतला मुलगा 'सहजीवन' म्हणून जो शब्द शिकतो, त्याचा जन्म असा झाडाच्या सालीवरच्या पपडींतून झाला आहे.

एवढ्यानें सर्वांचें समाधान झालें नाहीं. श्टालची लागवड उघड्यावरची, तेव्हां हवेंतून शैवाकाचेच कण पडले नसतील कशावरून, असें विचारणारे होतेच. त्यांच्यासाठीं पॅरिसच्या गास्तों बोनिए यानें १८८६ च्या सुमारास आणखी कडक व्यवस्था केली. दगडाचे व सालीचे तुकडे तापवून निर्जंतुक करावयाचे, ते कांचेच्या चंबूंत ठेवावयाचे, आंत शिरणारी हवा गाळून घ्यावयाची. एका चंबूंत बीजुकें व शैवल दोन्ही घालावयाचीं, दुसऱ्यांत नुसतीं बीजुकें, तिसऱ्यांत नुसतें शैवल. जेथें दोन्ही होतीं तेथेंच शैवाक वाढलें. १८८७ सालीं म्योलर यानें याची दुसरी बाजू पुरी केली: पपडीच्या शैवाकांचीं कवकें त्यानें शैवलावांचून, नुसत्या पोषक द्रवावर वाढविलीं. तीं जगलीं, त्यांच्या लहानशा गाठी बनल्या. पण खरी पपडी कांहीं तयार झाली नाहीं. नायलांडरनें मात्र शेवटपर्यंत हार मानली नाहीं. १८९९ सालीं पॅरिसमध्यें तो वारला तेव्हांही त्याच्या मतें शैवाक ही एकच, अखंड वनस्पति होती.

वाद संपला, पण मशागत साधली असें झालें नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ज्यांनीं ज्यांनीं हे प्रयोग पुन्हां करून पाहिले त्यांतल्या पुष्कळांच्या हातीं निराशाच आली. कवक निराळें वाढवितां येई, शैवल निराळें वाढवितां येई. दोघांना उत्तम खुराक देऊन एका बशींत ठेवलें कीं दोघेही मजेंत वाढत, आणि एकमेकांची ओळखही धरीत नसत. सणसणीत खत घालून पीक वाढविण्याची माणसाची सवय येथें उलटत होती. हें कोडें अमेरिकेंतल्या व्हर्नन अहमद्जियन यानें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सोडविलें. त्यानें खुराक बंद केला. ज्या आधारावर कवक एकटें जगणार नाहीं आणि शैवलाचीही आबाळ होईल, असा अगदीं निःसत्त्व आधार त्यानें दिला; आणि ओलावा सतत न ठेवतां पाणी द्यावें, मग तें हळूहळू वाळूं द्यावें, पुन्हां द्यावें, असा क्रम धरला. अशा उपासमारींत कवकाचे तंतू हिरव्या गोलकांकडे वळले आणि विणकाम सुरू झालें. १९६६ सालीं त्यानें झुडपी शैवाकावर हें यश जाहीर केलें, आणि १९७० सालीं हाइकिला यांच्यासह श्टालच्याच एंडोकार्पॉनकडे व त्याच्या नात्यांतल्या एका पपडीच्या शैवाकाकडे तो वळला. जुळलेली जोडी पुन्हां अन्नसंपन्न बशींत ठेवली तर ती मोडते, हेंही दिसून आलें.

म्हणून पपडी पाळणाऱ्याचें काम मुख्यतः हात आवरण्याचें आहे. ऊन बेताचें, हवा स्वच्छ, पाणी क्षारविरहित आणि तेंही अधूनमधून. खत मुळींच नाहीं. आणि सतत ओल तर कधींच नाहीं, कारण न वाळणारी पपडी कुजते. एवढें करूनही वाढ दिसावयास डोळ्यांत तेल घालून बसावें लागतें. आल्प्ससारख्या थंड डोंगरांतली नकाशासारखी दिसणारी पिवळट हिरवी पपडी, 'ऱ्हायझोकार्पॉन जिओग्राफिकम', वर्षाकांठीं एका मिलिमीटरचा कांहीं अंशच पसरते. तिच्या या संथपणाचाच उपयोग ऑस्ट्रियाच्या रोलांट बेशेल यानें १९५० च्या सुमारास करून घेतला: हिमनदी मागें हटून दगड केव्हां उघडा पडला हें तो दगडावरच्या पपडीचा व्यास मोजून सांगूं लागला. याच पपडीला २००५ सालीं एका अवकाशयानाच्या बाहेरच्या बाजूस बसवून सुमारें दोन आठवडे पृथ्वीभोंवतीं फिरविण्यांत आलें. निर्वात पोकळी, सूर्याचा उघडा मारा, हें सर्व सोसून ती जिवंत परतली. बशींतला सकस खुराक जिला सोसत नाहीं तिला आकाशाची पोकळी सोसली!

श्टालचें एंडोकार्पॉन अजूनही प्रयोगशाळांतून आहे. चीनमधील तेंग्गेर वाळवंटांत सरकती वाळू जिवंत पपडीनें बांधून धरावी या हेतूनें तेथल्या शास्त्रज्ञांनीं त्याचें कवक व शैवल निरनिराळीं वाढवून त्यांची चिकाटी तपासली. उपासांत आणि कोरड्या हवेंत तीं महिनोन् महिने तग धरतात असें त्यांना आढळलें, आणि २०१४ सालीं त्या कवकाची सबंध जनुकमालिका प्रसिद्ध झाली. बिऱ्हाडांत माणसें दोनच असतात हेंही आतां नक्की राहिलें नाहीं. २०१६ सालीं कित्येक शैवाकांच्या सालींत यीस्टच्या जातीचें तिसरें कवक सांपडल्यापासून वादाचीं जुनीं दारें पुन्हां किलकिलीं झालीं आहेत.

पुण्यांत शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या प्रेरणेनें १९४६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेंत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेंत, सह्याद्रींतल्या शैवाकांचा अभ्यास पुढें अनेक वर्षें चालला. काळ्या रेघोट्यांनीं लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या 'ग्राफिस' वर्गांतल्या पपड्यांना त्यांत मोठें स्थान मिळालें. फ्रांकच्या ट्रेंटेपोलिआचीच जात यांच्याही पोटांत असते. दगडफुलाच्या जातीचीं शैवाकें संग्रहाच्या पाकिटांत एकटीं राहतात. पपडीच्या शैवाकांच्या पाकिटांत मात्र प्रत्येक नमुन्याखालीं, ज्यावर तो वाढला त्या झाडाच्या सालीचा तुकडा, नाहीं तर त्या कातळाची कपची, चिकटलेलीच असते.